यासीन मास्तरांच्या वहीतला ‘फायर’

यासीन मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भर दुपारी त्यांच्या हातात पेटलेला कंदील होता. दुसऱ्या हातात कापसाचा बोंडाएवढा पुंजका. हिंगोलीच्या शाळेत मी त्याच दिवशी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. वर्ग कुठला, बसायचं कुठे, काहीच माहीत नव्हतं, म्हणून व्हरांड्यात उभा होतो. बाहेर लख्ख ऊन, आणि हा माणूस कंदील घेऊन वर्गात उभा. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?

मास्तरांनी कंदील वर धरला. “हे काय?”

“लाइट!” पोरं ओरडली.

त्यांनी कंदील फुंकला, पुन्हा काडी ओढून पेटवला. “आता मी काय केलं? इंग्रजीत याला बी लाइटच म्हणतात. पहिला लाइट इस्म, हा लाइट फेल.” मग त्यांनी कापूस एका मुलाच्या तळहातावर ठेवला. “जड हाय का रे?”

“न्हाई मास्तर. हलका हाय.”

“मंग हा बी लाइट. हा सिफत.”

आमच्या भागात तेव्हा निजामाचं राज्य, शाळेचा कारभार उर्दूत चाले. इस्म म्हणजे नाम, फेल म्हणजे क्रियापद, सिफत म्हणजे विशेषण. मुलांच्या घरी मराठी, सरकारी पुस्तकात उर्दू आणि तिसरी ही इंग्रजी. तिच्यात एकच शब्द अंगावरचा कपडाही न बदलता तीन-तीन कामं करतो. आपल्या मराठीत ‘दूध’ आणि ‘दूध काढणे’ यांत फरक ऐकूनच कळतो. इंग्रजीत ‘मिल्क’ म्हणजे दूधही आणि दूध काढणंही. खेड्यातून आलेल्या मुलांना हे फसवणुकीसारखं वाटायचं. मास्तरांनी त्यावर एक साधा नियम करून दिला होता. “शब्दाचं तोंड पाहू नका. वाक्यात तो काय काम करून राहिला, ते पाहा.”

मास्तर पिंजाऱ्याच्या घरचे. त्यांचे वडील सेनगावच्या बाजूला गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजत. मुलगा इंग्रजी शिकला, परीक्षा पास झाला आणि सरकारी शाळेत मास्तर झाला, याचं त्या घरात केवढं अप्रूप असेल ते सांगायला नको. मास्तरांना मात्र त्याचा तोरा नव्हता. वर्गात एक अडखळत बोलणारा मुलगा होता. इतर शिक्षक त्याला उभं करत, आणि तो घामाघूम होऊन खाली बसे. मास्तरांनी त्याला कधी तोंडी प्रश्न विचारला नाही. त्याच्या हातात खडू द्यायचे आणि म्हणायचे, “माझे डोळे दुखून राहिले, तू जरा फळ्यावर लिही.” वर्षभर मास्तरांचे डोळे दुखत होते. ते निमित्त होतं हे वर्गाला कळत होतं, पण कुणी हसलं नाही.

हे सगळं मी रोज पाहत होतो. तरीही माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

गौरवग्रंथात असं वाक्य शोभत नाही, याची मला जाणीव आहे. मास्तरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणांहून लेख पाठवत आहेत, आणि समितीने जुना सहकारी म्हणून मलाही आठवणी लिहायला सांगितलं आहे. त्यांचं मोठेपण मला ज्या वाटेने कळलं तीच सांगायची तर माझा हलकेपणा झाकून भागणार नाही.

मी वाशीमकडचा, म्हणजे निजामी हद्दीच्या पलीकडचा. सुट्टीत गावी गेलो की तिकडची मराठी वर्तमानपत्रं घेऊन यायचो. इकडे हिंगोलीत त्यांना बंदी होती. कपड्यांच्या घडीत दडवून आणायची, शाळेतल्या कपाटात नकाशांच्या गुंडाळीमागे ठेवायची आणि विश्वासातल्या चार-दोन माणसांना वाचायला द्यायची, असा माझा क्रम होता. त्या माणसांत सेनगावचे बाबाराव होते. दांडगे शेतकरी, तोंडाने फटकळ, पण जीवाला जीव देणारे. त्यांचा मुलगा गणपत आमच्याच शाळेत होता.

निजामी अंमलाचं ते शेवटचं वर्ष-दीड वर्ष. सरकारच्या पाठबळावर गावं जाळली जात होती. कोण कुणाचा माणूस आहे हे कळेनासं झालं होतं. दुकानात दोघं बोलत असले आणि तिसरा आला की बोलणं ज्वारीच्या भावावर यायचं. शाळेतही तेच. यासीन मास्तर मुसलमान, सरकारी नोकर, उर्दूत लिहिणारे. आठ वर्षं ज्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली त्यांच्याकडे मी तिरक्या नजरेने पाहू लागलो.

त्यांच्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही असे. तास संपला की ते व्हरांड्यात बसून तिच्यात काहीतरी टिपत. मी जवळ गेलो तर वही मिटत. आता वाटतं, ते लिहून झालं म्हणून मिटत असतील. तेव्हा वाटलं, माझ्यापासून लपवतात.

एकदा ते नमाजाला गेले असताना वही खुर्चीवर राहिली. मी उघडली. उर्दू मला बेताचीच येत होती, पण हे वाचण्यापुरती पुरे होती. एका पानावर लिहिलं होतं :

फायर — सेनगाव — फेल बाकी.
वॉच — नरसी — फेल बराबर.
गार्ड — कळमनुरी — फेल बाकी.

‘फेल’ म्हणजे क्रियापद हे मला माहीत होतं. पण बाजारात ‘फेल’ म्हणजे करणी, कृत्य. ‘काय फेल केलेस रे!’ असं आपण म्हणतोच. मी त्या पानाचा अर्थ व्याकरणाने लावलाच नाही, भीतीने लावला. सेनगावात आग, कृत्य बाकी. नरसीवर पाळत, काम बरोबर झालं. मागचं पान उलटायला फार तर चार क्षण लागले असते. मी ते उलटलं नाही. वही होती तशी ठेवली आणि संध्याकाळच्या आत बाबारावांना गाठलं.

“मास्तरच्या वहीत सेनगावचं नाव आहे,” मी म्हणालो. “फायरपुढे.”

बाबाराव उठून जवळ आले. “तुमी सोता वाचलं?”

“स्वतः वाचलं.”

“मंग गावाला सांगाय पायजे.”

मी ‘थांबा’ म्हणालो नाही. गावाला सांगितलं गेलं, गावाने बाजारात सांगितलं. आठवड्याभरात ती गोष्ट हिंगोलीत परत आली तेव्हा तिचं तोंड फिरलेलं होतं. इंग्रजी मास्तरच्या वहीत सरकारविरुद्ध कट आहे, कुठे जाळपोळ करायची, कुठल्या पहाऱ्यावर हल्ला करायचा, त्याची गाववार यादी आहे. आम्ही ज्याला सरकारचा हेर ठरवलं होतं, त्याला सरकारने बंडखोर ठरवलं.

पोलीस शाळेत आले तेव्हा माझा तास चालू होता. ठाण्याच्या प्रमुखाला तेव्हा अमीन म्हणत. अमीनसाहेब जातीने आले होते. त्यांनी वही ताब्यात घेतली आणि आम्हा सगळ्या शिक्षकांसमोर शिपायांना शिक्षकांच्या खोलीतलं कपाट उघडायला लावलं. नकाशांच्या गुंडाळ्या एकेक करून बाहेर आल्या. हिंदुस्थान, आशिया, हैदराबाद. त्यांच्यामागे काहीच नव्हतं. माझी वर्तमानपत्रं गायब झाली होती.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण संशयाची सवय अशी, की मला वाटलं, हे मास्तरांनीच नेलं. पुरावा म्हणून ठेवलं असेल. आता स्वतःची सुटका करून घ्यायला माझं नाव सांगतील.

वहीच्या समासात काही मराठी शब्द होते, म्हणून अमीनसाहेबांनी मराठीचा शिक्षक म्हणून मलाही ठाण्यावर बोलावलं. मला बाकावर बसवलं. मास्तर उभे होते.

“ये क्या है?” अमीनसाहेबांनी वही पुढे सरकवली. “फायर, सेनगाव, फेल बाकी. कौन-सा फेल बाकी है?”

“हुजूर, फेल म्हणजे क्रियापद,” मास्तर शांतपणे म्हणाले. “फायर म्हणजे आग हे त्या मुलाला येते. फायर म्हणजे बंदूक झाडणे हे येत न्हाई. ते शिकवायचं बाकी हाय.”

“और सेनगाव?”

“माझ्या वर्गात तीन गणपत हायेत. एक सेनगावचा, एक नरसीचा, एक कळमनुरीचा. नावाने लिहिलं तर मलाच कळत न्हाई, म्हणून गावाने लिहितो.”

अमीनसाहेब हसले नाहीत. “आग, पहारा, गार्ड. यही लफ्ज क्यों?”

“हुजूर, आपण एकच पान वाचलं. मागचं पाहा.”

त्यांनी वही उलटली. मागच्या पानांवर मिल्क होतं, वॉटर होतं, हँड, साल्ट, ऑइल होतं. प्रत्येकापुढे गावं आणि ‘बराबर’ किंवा ‘बाकी’. मी बाकावरून पाहत होतो. मागचं पान मीही उलटलं नव्हतं.

मास्तरांनी दाराकडे बोट दाखवलं. “तिथं शिपाई उभा हाय तो गार्ड, इस्म. तो ठाण्याची राखण करून राहिला, ते गार्ड, फेल. हुजूर बी मदरशात हेच शिकले असतील.”

अमीनसाहेबांना ते पटलं असावं. क्षणभर त्यांचा चेहरा सैल पडला. पण वर काय कळवायचं, हा त्यांचाही प्रश्न होता. वही निरुपद्रवी निघाली असं लिहिलं तर त्यांच्यावरच संशय. त्यांनी मान वळवून मला विचारलं, “आप बताइए. ये आदमी कैसा है?”

आठ वर्षांची ओळख. कंदील, कापूस, फळ्यावर लिहिणारा तो अडखळता मुलगा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी म्हणालो, “साहेब, माझा विषय वेगळा आहे. मला फारसं माहीत नाही.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग अमीनसाहेबांनी त्यांना शेवटचा प्रश्न विचारला. शाळेत बंदी असलेली वर्तमानपत्रं कोण आणतो?



“मला इंग्रजीतून फुरसत मिळत न्हाई, हुजूर,” मास्तर म्हणाले. “कोण काय वाचते, काय सांगू?”

चार दिवस त्यांना ठाण्यावर ठेवलं. मग सोडलं, पण चौकशी पुरी होईपर्यंत नोकरीवरून दूर केलं. ती चौकशी कधीच पुरी झाली नाही. वही वरच्या कचेरीत गेली ती परत आली नाही. मास्तर घरी बसले आणि म्हाताऱ्या वडिलांच्या बरोबरीने पुन्हा कापूस पिंजू लागले.

मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. ठाण्यावर त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, तरी माझा संशय गेला नव्हता. वर्तमानपत्रं कुठे आहेत? आज नाही तर उद्या ती बाहेर काढतील. तीन-चार महिने असे गेले. मग आमच्या घरी बाळंतपण आलं आणि जुनी गादी पिंजून आणायची वेळ आली. पत्नी म्हणाली, “दुसरीकडं कशाला देता? मास्तरांकडंच द्या. तेवढंच त्यांना काम.” तिला यातलं काही माहीत नव्हतं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

मी गादी खांद्यावर टाकून गेलो. मास्तर अंगणात बसले होते. नाका-तोंडाला फडकं बांधलेलं, भुवयांवर कापसाचे तंतू, हातात पिंजायची कमान. तिचा तो ‘धुंग धुंग’ आवाज थांबला.

“या नारायणराव. बसा.” त्यांनी फडकं सोडलं. घरात गेले आणि एक लहानशी उशी घेऊन आले. तिची एक बाजू उसवली. कापसातून माझी वर्तमानपत्रं निघाली, एकूण एक.

“उंदीर फार झालते तुमच्या कपाटात,” ते म्हणाले. “पोलीस येनार असं कानावर आलं, मंग म्या आदल्या रोजीच काढून आणली. आता इथं ठेवनं बराबर न्हाई. अब्बांच्या डोक्याखाली होती, ते म्हनतात उशी टोचते.”

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“नकाशे मी बी वापरतो की.”

त्या क्षणी मी त्यांचे पाय धरायला हवे होते. वहीची गोष्ट मीच पसरवली, हे सांगायला हवं होतं. मी वर्तमानपत्रं सदऱ्याखाली खोचली, गादी तिथे ठेवली आणि निघून आलो. चार दिवसांनी गादी घरी आली. माझी मोठी मुलगी तिच्यावरच वाढली.

पुढे राज्य बदललं. हिंगोलीत माणसं रस्त्यावर येऊन एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि त्याच दिवसांत मुसलमान वस्तीतली दारं दिवसाही बंद असत. शाळा नव्याने सुरू करायची ठरली. जुन्या शिक्षकांपैकी कुणाला परत घ्यायचं यासाठी गावातल्या जाणत्या मंडळींची बैठक शाळेच्या पटांगणात भरली. यासीन मास्तरांचं नाव निघालं आणि बाबाराव उभे राहिले.

“हा मानूस नको,” ते म्हणाले. “त्याच्या वहीत माझ्या पोराच्या गावाचं नाव व्हतं. फायर लिवलं व्हतं त्याच्या म्होरं. काहून लिवलं व्हतं? त्याला इचारा.”

मास्तर मागे, कडुनिंबाखाली उभे होते. त्यांना बोलावलं होतं म्हणून आले होते. पटांगणातली सगळी डोकी मागे वळली. पंधरा-वीस जण उठून उभे राहिले. “विचारा, विचारा,” असा गलका झाला. त्या गलक्याचं पुढे काय झालं असतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. त्या दिवसांत गलक्याला फार वेळ लागत नसे.

मी उठलो.

“बाबाराव, ते तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमीच सांगितलं.”

“हो. मीच. मी एक पान वाचलं आणि दुसरं वाचलं नाही. त्या वहीत इंग्रजीच्या धड्याशिवाय काही नव्हतं. पोलिसांसमोर ते कळल्यावरही मी गप्प बसलो. यांची नोकरी माझ्या तोंडामुळे गेली. आणि ज्या दिवशी यांना ठाण्यावर विचारलं की वर्तमानपत्रं कोण आणतो, त्या दिवशी यांनी माझं नाव सांगितलं असतं तर मी आज इथे उभा नसतो.”

उभी राहिलेली माणसं खाली बसली. बाबारावांना मात्र ते पटत नव्हतं. “मंग फेल बाकी म्हंजी काय?” त्यांनी विचारलं.

उत्तर गणपतने दिलं. तो वडिलांच्या मागेच बसला होता, मिसरूड फुटलेला. मान खाली घालून तो म्हणाला, “आबा, मास्तरांनी मला फायरचं क्रियापद तीनदा इचारलं. मला तिन्ही बारीला आलं न्हाई. म्हून बाकी.”

कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. बाबाराव हसले नाहीत. ते चालत कडुनिंबाखाली गेले आणि मास्तरांसमोर उभे राहून म्हणाले, “मास्तर, सोमवारपासून शाळेत या. पोराचं बाकी ऱ्हायलंय.”

मास्तर सोमवारी आले. मुलांशी, बाबारावांशी, सगळ्यांशी पूर्वीसारखे बोलले. माझ्याशी मात्र आठ-दहा दिवस एक अक्षर बोलले नाहीत. वहीमागे मीच होतो, हे त्यांना पटांगणात पहिल्यांदाच कळलं होतं. मग एका दुपारी माझ्याशेजारी येऊन बसले, डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा माझ्यापुढे ठेवत हळूच म्हणाले, “पोलिसांनी संशय घेतला, त्यांचं कामच ते. तुमी काहून घेतला, नारायणराव?”

मी भाकरी खाल्ली. ती खाताना डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

त्यानंतरची त्यांची अध्यापनाची वर्षं, त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं, त्यांतले वकील, डॉक्टर, मास्तर आणि इंग्रजी वाचणारे शेतकरी, यांच्याविषयी या ग्रंथात इतरांनी लिहिलंच आहे. मला जे जवळून माहीत होतं ते मी लिहिलं.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी मास्तरांना वाचून दाखवला. आता त्यांना दिसायला कमी येतं, म्हणून त्यांनी डोळे मिटून ऐकला. मला वाटलं होतं, पोलीस ठाण्याचा भाग गाळा म्हणतील, किंवा मी स्वतःला लावलेला बोल. ते म्हणाले, “बाकी बराबर हाय. फक्त माझं चांगलं जरा कमी करा. एवढं वाचून लोकांना संशय येईल.”

मी काही कमी केलेलं नाही. मास्तरांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभावं, त्यांची नजर पुन्हा चांगली व्हावी, आणि त्यांच्या अंगणात शिकायला येणाऱ्या पोरांची गर्दी कधी ओसरू नये, एवढीच माझी इच्छा आहे. आणि हे सगळं वाचून ज्यांना खरोखरच शंका येईल, त्यांनी कुणाला विचारत बसू नये. स्वतः जाऊन त्यांना भेटावं. दुपारी चारनंतर ते घरीच असतात.